जहाज कुठं-कुठं थांबणार, तेवढं आधी कळवा

क्रूझला जाताना कोणत्या लशी घ्याव्यात, असं विचारणारी बरीच पत्रं या वेळी मराठवाड्यातून आली आहेत. त्यांतल्या निम्म्याअधिक पत्रांत नेमकी हवी ती गोष्ट लिहायची राहून गेली आहे. 'क्रूझची लस' अशी काही लस नसते. जहाज कोणत्या बंदरांत, कोणत्या क्रमानं आणि कोणत्या तारखांना थांबणार, प्रवाशांची वयं किती, चालू औषधं कोणती आणि निघायला किती दिवस उरलेत, या गोष्टी कळल्या की मग उत्तर देता येतं. ज्यांनी हे सगळं लिहिलं होतं त्यांची पत्रं इथं घेतली आहेत. आपापल्या डॉक्टरांना भेटायला जातानाही हाच कागद लिहून न्यावा.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, पत्नी ६१. मला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, पत्नीला बीपी. फेब्रुवारीत सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी पाच रात्रींची क्रूझ ठरली आहे. एजंट म्हणतो, यलो फीवरची लस सक्तीची आहे, मुंबईला जाऊन घेऊन या. रात्रभर रेल्वेनं जाऊन यायचं का? — लातूर

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर, हा आजार आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत आढळतो. सिंगापूर, मलेशिया, थायलंड इथं तो नाही आणि भारतातही नाही. हे तिन्ही देश पीतज्वराचं प्रमाणपत्र मागतात ते त्या आजाराच्या देशांतून येणाऱ्यांकडे. तुम्ही भारतातून थेट जाणार, तेव्हा तुमचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय साठीनंतर ही लस आयुष्यात पहिल्यांदा घेतली तर क्वचित होणारे पण गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात. त्यामुळे गरज नसताना 'असू द्या, घेऊन ठेवू' असं म्हणण्याजोगी ही लस नाही. मुंबईला जाऊ नका.

तुमच्यासाठी खरी महत्त्वाची लस आहे फ्लूची. जहाजावर थंड प्रदेशांतले आणि उष्ण प्रदेशांतले हजारो लोक एकाच जेवणघरात, एकाच लिफ्टमध्ये, एकाच एसीत असतात. फ्लूचा हंगाम उत्तर आणि दक्षिण गोलार्धात वेगवेगळा असतो आणि विषुववृत्ताजवळ तो वर्षभर रेंगाळतो. पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाचा फ्लू न्यूमोनियावर जायला वेळ लागत नाही, आणि जहाजावरचा दवाखाना म्हणजे तालुक्याच्या चांगल्या दवाखान्याएवढा समजा, जिल्ह्याच्या अतिदक्षता विभागाएवढा नव्हे. दोघांनीही निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी फ्लूची लस घ्या. ही दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते, कारण तिच्यातले विषाणूंचे प्रकार बदलतात. त्यामुळे गेल्या वर्षीची चालत नाही. दुकानात चार प्रकारांची मिळाली काय आणि तीन प्रकारांची मिळाली काय, फरक मनावर घेऊ नका. वगळलेला चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठं आढळलेलाच नाही. मात्र बाटलीवरचा हंगाम आणि मुदतीची तारीख जरूर पाहा.

दुसरी न्यूमोकोकल लस, न्यूमोनियाची. तुमचं वय आणि मधुमेह पाहता ती सहल नसती तरी घ्यायलाच हवी होती. तिचे प्रकार दोन-तीन आहेत आणि काहींना वर्षभरानं दुसऱ्या प्रकाराचा डोस लागतो. कोणता घेतला याची नोंद कार्डावर करून घ्या. तिसरी धनुर्वाताची. आता टीटीच्या जागी टीडी आली आहे, तिच्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. गेल्या दहा वर्षांत घेतल्याचं आठवत नसेल तर एक डोस घ्या. फुकेतला पाण्यात उतरणाऱ्यांना प्रवाळानं पाय कापण्याचा प्रसंग नेहमीच येतो, आणि मधुमेहात पायाची जखम म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पाण्यात जाताना रबरी बूट घाला. बीपीचा आणि यांतल्या कोणत्याही लशीचा विरोध नाही.

प्रश्न : आम्ही चौघे नवरा-बायको, सात वर्षांचा मुलगा आणि ६४ वर्षांची आई. आधी विमानानं केनियात मसाई मारा, मग मोंबासाहून जहाजानं झांझिबार आणि परत विमानानं मुंबई. १० डिसेंबरला निघायचं आहे. पीतज्वराची लस कुठं, कधी, कशी घ्यायची? आईला चालेल का? — छत्रपती संभाजीनगर

तुमच्या मार्गाला मात्र ही लस लागते, आणि दोन वेगवेगळ्या कारणांनी. ती कारणं वेगळी ठेवली की गोंधळ होत नाही.

पहिलं कारण आजाराचं. मोंबासा शहर आणि लगतचा किनारा यासाठी जागतिक आरोग्य संघटना ही लस सरसकट सुचवत नाही, पण मसाई मारासारख्या आतल्या भागासाठी सुचवते. दुसरं कारण कागदाचं. केनिया हा देश पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून झांझिबारला उतरताना टांझानियाचे अधिकारी प्रमाणपत्र मागतात. आणि यादीतला देश सोडून सहा दिवसांच्या आत भारतात आलात तर मुंबईलाही मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. 'पण मी फक्त मोंबासात होतो' हे तिथं चालत नाही, कारण देश पाहिला जातो, शहर नव्हे.

आपला देश याबाबत एवढा कडक का, याचं उत्तर आपल्याच अंगणात आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास तोच, जो डेंग्यू पसरवतो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या आपल्या गावांत पिंप, हौद, रांजण भरून ठेवावे लागतात आणि एडिस नेमका तिथंच वाढतो. डास आहे, विषाणू तेवढा नाही. एक आजारी प्रवासी आला तर तोही येईल.

आता पद्धत. ही लस कोणत्याही खाजगी दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्र सरकारनं नेमलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्रावर त्या केंद्राचा शिक्का हवा. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संस्थांची केंद्रं आहेत, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालय वेळोवेळी बदलतं, म्हणून घराजवळ नवं केंद्र झालंय का ते आधी पाहा. आणि फोन केल्याशिवाय गाडीत बसू नका. एका कुपीत पाच किंवा दहा डोस असतात. पावडर विरघळवली की ती फार तर सहा तास वापरता येते, नंतर फेकावी लागते. म्हणून बहुतेक केंद्रं ठरावीक वारीच आणि नाव नोंदवलेल्यांनाच लस देतात.

प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट न्या. डोस एकच, अर्धा मिली, दंडाच्या कातडीखाली. नंतर अर्धा तास तिथंच बसवतात. प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं, म्हणजे १ डिसेंबरला लस घेतली तर ११ डिसेंबरपासून. तुम्ही १० तारखेला निघणार, तर ३० नोव्हेंबर हा शेवटचा दिवस झाला. पण तिथवर थांबू नका. ऑक्टोबरअखेर घ्या. वार चुकणं, कुपी संपणं, मुलाला ऐन वेळी ताप येणं, यांसाठी हाताशी दिवस राहू द्या. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. ११ जुलै २०१६ पासून हा नियम आहे आणि त्याआधी 'दहा वर्षांसाठी' म्हणून दिलेली जुनी पिवळी कार्डंही त्यात बसतात. कुणी 'मुदत संपली' म्हणून पुन्हा टोचायला सांगितलं तर हे दाखवा.

सर्वांत जास्त अडचणी लशीच्या नसतात, पिवळ्या पुस्तिकेच्या, म्हणजे त्या प्रमाणपत्राच्या असतात. केंद्रावरून उठण्याआधी पुढचं तिथंच तपासा. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे आधार कार्डावर वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर नसतं, तिथं हमखास चूक होते. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लशीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का, सगळं हवं. तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला असावा. खाडाखोड असेल तर ते पान बाद धरता येतं. म्हणून चूक दुरुस्त करून घेऊ नका, नवी पुस्तिका मागा. सही प्रवाशानं स्वतः करायची, मुलाच्या पुस्तिकेवर पालकानं. पुढं पासपोर्ट नवा झाला तर जुना फेकू नका, कारण पुस्तिकेवर जुना क्रमांक असतो. आणि 'टोचायची गरज नाही, कार्ड मिळवून देतो' असं म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कार्डानं डास चावायचा थांबत नाही.

मुलाला ही लस चालते. त्याची कांजिण्यांची किंवा गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर ती याच दिवशी तरी घ्या, नाहीतर चार आठवडे अंतर ठेवून घ्या. या सगळ्या जिवंत विषाणूंच्या लशी आहेत आणि मधलं अंतर चुकलं की दुसरीचा परिणाम घटतो. अंडी खाऊन ज्यांना श्वास लागणं, अंगभर गांधी येऊन चेहरा सुजणं असा त्रास झाला आहे त्यांनी ही लस घेऊ नये, कारण ती कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते. अंडं घरात चालत नाही म्हणून कधी खाल्लंच नसेल, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आईंचा निर्णय तुम्ही घरी बसून घेऊ नका. साठीवरच्या पहिल्या डोसनंतर क्वचित यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूवर परिणाम होतो. दुसरीकडे मसाई माराचा धोकाही खरा आहे. थायमस ग्रंथीचा विकार, कर्करोगाचे उपचार, अवयव प्रत्यारोपण, दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट यांपैकी काही असेल तर ही लस नकोच. यांतलं काहीही नसेल आणि प्रकृती धडधाकट असेल तर डॉक्टर जोखीम समजावून लस देऊ शकतात. द्यायची नसेल तर पुस्तिकेत वैद्यकीय सूट लिहून मिळते. पण ती मानायची की नाही हे त्या-त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हाती असतं, आणि मुंबईत सहा दिवस विलगीकरणाची तयारी ठेवावी लागते. आमचं मत विचाराल तर, आईंना लस चालणार नसेल तेव्हा मार्ग बदला, आईंना धोक्यात घालू नका.

लस घेतल्यावर पहिल्या आठवड्यात अंग दुखणं, कणकण, डोकेदुखी होऊ शकते, त्याला पॅरासिटामॉल पुरे. मात्र महिनाभराच्या आत जोराचा ताप, डोळे पिवळे होणं, बडबड किंवा गुंगी असं काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि ही लस घेतल्याचं आवर्जून सांगा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण केनियाला जाणाऱ्यासाठी ती तेवढीच मोठी आहे. मलेरिया. त्याच्या ज्या लशी निघाल्या आहेत त्या आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहेत. त्यांतली एक आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, पण पर्यटकांना ती देत नाहीत. प्रवाशानं गोळ्या घ्यायच्या. मोठ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, तिथं पोचण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परत आल्यावर चार आठवडे. लोक घरी आले की ती सोडतात आणि मग ताप येतो. ही गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका पोळते. या गोळीनं उन्हाचा चटकाही जास्त बसतो. आठ वर्षांखालच्या मुलाला ती देत नाहीत. तुमच्या मुलाला वजनाप्रमाणे दुसरी गोळी, बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विन, डॉक्टर लिहून देतील. तिची सुरुवात दोन-तीन आठवडे आधी करावी लागते आणि फिट्स किंवा मानसिक आजार असेल तर ती चालत नाही. केनियातल्या मलेरियावर क्लोरोक्विन चालत नाही, गावच्या मेडिकलवाल्यानं दिली तरी घेऊ नका.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तो आम्हाला (वय ७० आणि ६५) फ्लोरिडाहून निघणाऱ्या जहाजानं कोलंबियातलं कार्ताहेना आणि पनामाला नेणार आहे. जहाज प्रत्येक ठिकाणी सात-आठ तासच थांबतं. नंतर महिनाभर त्याच्याकडे राहून नांदेडला परत येऊ. पीतज्वराची लस घ्यावीच लागेल का? — नांदेड

सत्तरीच्या माणसाला ही लस शक्यतो टाळावी, आणि तुमच्या बेतात ती टाळता येण्यासारखी आहे. कोलंबिया आणि पनामा दोन्ही यादीत आहेत. पण भारताचा नियम सहा दिवसांचा आहे. यादीतला देश सोडून महिना उलटल्यावर तुम्ही अमेरिकेतून भारतात येणार, तेव्हा तो लागू होत नाही. अमेरिका हे प्रमाणपत्र मागतच नाही. आजाराच्या दृष्टीनं पाहिलं तर कार्ताहेना हे समुद्रकाठचं शहर आहे. २०२५ मध्ये कोलंबियात जी साथ आली ती मुख्यतः तोलिमा प्रांतात, देशाच्या आतल्या भागात होती. पनामात कालव्याच्या परिसराबाहेर, पूर्वेकडच्या जंगलात जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा.

म्हणून तीन गोष्टी करा. जहाज कंपनी स्वतःच्या नियमानं, किंवा कोलंबियाहून येणाऱ्यांकडे पनामा, प्रमाणपत्र मागतं का, ते मुलाला ई-मेलवर लेखी विचारायला सांगा. बंदरांचा क्रम बदलला तर पुन्हा विचारा. उतरल्यावर शहरातच फिरा, जंगलाच्या सहली घेऊ नका. आणि परतीचं तिकीट अलीकडे ओढू नका. जहाजावरून उतरून चौथ्या दिवशी मुंबईला आलात तर हे सगळं गणित उलटतं.

येताना विमान इथिओपियासारख्या यादीतल्या देशातून बदलत असेल, तर तेही पाहा. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना भारतात सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्यानं मान्य करावी लागते. सरळ दुबई, दोहा किंवा युरोपमार्गे या.

प्रश्न : डॉक्टरांनी हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लशी लिहून दिल्या. म्हणाले, मेडिकलवरून आणा, मी टोचतो. आमचं गाव परभणीपासून ४० किलोमीटर. मे महिन्यात लस कशी आणायची? घरच्या फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल का? — परभणी जिल्हा

ही शंका आली हे फार चांगलं झालं, कारण आपल्याकडे लस निकामी होते ती बहुधा याच चाळीस किलोमीटरमध्ये. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. उन्हानं ती बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हिपॅटायटिस, टीडी यांसारख्या लशी गोठल्या तर कायमच्या वाया जातात, हे ठाऊक नसतं. त्यांच्यातली ॲल्युमिनियमची घटकद्रव्यं गोठताना गोळा होतात आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. पॉलिथिनच्या पिशवीत बर्फाचे खडे आणि त्यातच लशीचं खोकं, ही जी पद्धत आहे तिनं नेमकं तेच होतं. गोठून वितळलेली लस दिसायला चांगलीच दिसते, टोचतात, पैसे जातात, संरक्षण मिळत नाही.

सर्वांत चांगलं म्हणजे लस आणूच नका, तुम्हीच लशीकडे जा. परभणीत ज्या बालरोगतज्ज्ञांकडे रोज लसीकरण चालतं त्यांच्याकडे लशींचा वेगळा फ्रिज असतो आणि त्याचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलेलं असतं. ती वही मागून पाहायला संकोच करू नका. मोठ्यांनाही तिथं टोचून मिळतं. वीज किती वेळ जाते आणि इन्व्हर्टर फ्रिजला जोडलाय का, हेही विचारा.

आणावीच लागली तर छोटा थर्मास डबा घ्या. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवा. मग त्या डब्यात लावा, लशीचं खोकं कापडात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून मधे ठेवा, बर्फाला टेकू देऊ नका. सकाळी सातच्या आत निघा, मोटारसायकलच्या डिकीत डबा नको, आणि थेट दवाखान्यात न्या. घरचा फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडतो, दारातला कप्पा गरम होतो, मागची भिंत गोठवते. एखाद्या रात्रीसाठी ठेवायचीच झाली तर मधल्या कप्प्यात, भिंतीपासून दूर. काही कुप्यांवर वर्तुळात एक चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाएवढा किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती कुपी परत करा. मात्र हा चौकोन उष्णतेचा हिशेब ठेवतो, गोठण्याचा नव्हे.

आणि हिपॅटायटिस एच्या खोक्यावरचा डोस वाचा. मुलांचा आणि मोठ्यांचा डोस वेगळा असतो. काही कंपन्यांत मोठ्यांचा डोस १९ वर्षांपासून सुरू होतो.

प्रश्न : आम्ही बोअरचं, टँकरचं, सगळं पाणी पचवलेली माणसं. जहाजावर तर फिल्टरचं पाणी. मग टायफॉइड, काविळीची लस कशाला? — बीड

काविळीबाबत तुमचं म्हणणं बरंचसं खरं असू शकतं. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना हिपॅटायटिस ए लहानपणीच, कळत-नकळत होऊन गेलेला असतो आणि तो पुन्हा होत नाही. शंका असेल तर लशीआधी रक्ततपासणी करा, पण लॅबमध्ये आयजीजी असं स्पष्ट सांगा. आयजीएम ही तपासणी चालू काविळीसाठी असते आणि चुकून तीच केली जाते. आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर लस नको. तुमची मुलं जारचं पाणी पीत वाढली असतील तर त्यांना मात्र हे संरक्षण बहुधा नसेल, आणि मोठ्या वयात हा आजार जास्त त्रास देतो. म्हणजे घरात लस लागते ती तरुणांना. मृत विषाणूंची लस दोन डोसांत, सहा ते बारा महिन्यांच्या अंतरानं. जिवंत विषाणूंची एकाच डोसात मिळते.

टायफॉइडचं तसं नाही. तो होऊन गेला तरी पुन्हा होतो. पाणी 'पचवण्याची' सवय त्याला रोखत नाही. कॉन्जुगेट प्रकारची लस एकच डोस असते आणि जुन्या प्रकारापेक्षा जास्त वर्षं टिकते. जुनीचं संरक्षण तीन वर्षांचं. तुम्ही ती घ्यावी, पण खरं सांगायचं तर जहाजासाठी नव्हे, बीडमध्ये राहता म्हणून.

प्रश्न : जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ येते असं ऐकलं. त्यावर लस आहे का? — हिंगोली

नाही. तो बहुधा नोरोव्हायरस असतो आणि त्याची लस अजून बाजारात नाही. हाताला चोळायचं सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, जेवणाआधी आणि शौचानंतर, हाच उपाय. बुफेतल्या सगळ्यांनी धरलेल्या चिमट्यानं वाढून घेतलं की बसण्याआधी पुन्हा हात धुवा. त्रास १२ ते ४८ तासांत सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत ओसरतो. ओआरएसची दहा पाकिटं घरूनच न्या. त्रास झाला तर लपवू नका, केबिनमध्येच राहावं लागेल म्हणून लोक लपवतात आणि सगळा मजला आजारी पडतो.

प्रश्न : पत्नीला पाचवा महिना लागेल तेव्हा फुकेतची क्रूझ आहे. कोणत्या लशी चालतील? — जालना

फ्लूची चालते आणि घ्यावीच. टीडी गरोदरपणाच्या तपासणीत मिळालीच असेल. कांजिण्या, गोवर-रुबेला या जिवंत लशी गरोदरपणात देत नाहीत. पण आधी लशीचा नव्हे, सहलीचा विचार करा. थायलंडमध्ये झिका विषाणू आहे, तो डासानं पसरतो, बाळाच्या मेंदूवर परिणाम करतो आणि त्याला लस नाही. बहुतेक जहाज कंपन्या २४वा आठवडा सुरू झालेल्या गरोदर बाईंना घेत नाहीत आणि हा हिशेब सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात. पैसे परत मिळण्याची मुदत असेपर्यंत तारीख पुढं ढकला.

प्रश्न : हजला जाणारे मेंदूज्वराची लस घेतात. क्रूझला लागते का? आणि माकड-कुत्र्याची? — अंबाजोगाई

हजची लस सौदी अरेबियाच्या नियमासाठी आहे, क्रूझला ती लागत नाही. भातशेती आणि डुकरांच्या भागात पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराची लसही एक दिवस बंदरात उतरणाऱ्याला लागत नाही.

रेबीजची आगाऊ लस क्रूझसाठी आम्ही सर्वांना सुचवणार नाही. मंदिरांजवळची माकडं चावतात ती खाऊ दाखवणाऱ्याला आणि लहान मुलांना. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच बंदरातल्या रुग्णालयात जा, जहाज सुटेल म्हणून थांबू नका. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं आणि ते जहाजावर मिळेल याचा भरवसा नाही. पूर्वी रेबीजचे पूर्ण डोस घेतले असतील तर त्याचा कागद सोबत ठेवा. मग एक लगेच आणि एक त्यानंतर तीन दिवसांनी, असे दोनच डोस लागतात आणि ते महागडं औषध लागत नाही.

प्रश्न : चेन्नईहून श्रीलंकेची क्रूझ अचानक ठरली. नऊच दिवस राहिलेत. आता लस घेऊन काही उपयोग आहे का? — धाराशिव

आहे. फ्लू, टायफॉइड आणि टीडी, तिन्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी टोचता येतात, उद्याच घ्या. पूर्ण संरक्षणाला दोन आठवडे लागतात, पण नऊ दिवसांतलंही वाया जात नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. बारीक सुई वापरून, न चोळता दोन मिनिटं दाबून धरायचं. पीतज्वराचा प्रश्न इथं येत नाही. श्रीलंका २०१६ पासून मलेरियामुक्त आहे, तेव्हा त्या गोळ्याही नकोत.

डेंग्यू मात्र तिथं भरपूर आहे. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी जास्त. डास पळवणाऱ्या मलमावर डीट २० ते ३० टक्के असं लिहिलेलं पाहून घ्या, उन्हाचं मलम आधी आणि हे त्यावरून लावा. पूर्ण बाह्यांचे फिके सुती कपडे न्या. आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना श्रीलंकेहून आल्याचं सांगा, आणि तोवर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, पॅरासिटामॉलच घ्या.

लसीकरणाची कार्डं, रोजच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग जहाजावर चढताना ताब्यात घेतात आणि ती केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधीकधी संध्याकाळ होते.